दोन ‘एमआयटी’ आणि ५१२ बाइटांचा टप्पा

१/ कोथरूडमध्ये रिक्षावाल्याला ‘एमआयटी’ एवढेच सांगितले तरी रिक्षा पौड रस्त्याला लागते. १९८३ साली स्थापन झालेली ती महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. हीच आद्याक्षरे धारण करणारी, वयाने बरीच थोरली संस्था अमेरिकेत चार्ल्स नदीच्या काठी आहे. कोथरूडच्या नेटवर्क प्रयोगशाळांत विद्यार्थी जी एक छोटी आज्ञा टंकतात, तिचे मूळ त्या थोरल्या एमआयटीत आहे. हा थ्रेड त्या आज्ञेच्या इतिहासाचा, आणि तिने अर्धवट सोडलेल्या एका प्रश्नाचा.

२/ आज्ञा तीन शब्दांची आहे : ‘कॉपी टीएफटीपी फ्लॅश’. ती दिली की समोरचा स्विच दोन गोष्टी विचारतो : सर्व्हरचा पत्ता कोणता आणि फाइलचे नाव काय? उत्तरे मिळाली की पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग सरकू लागते. एक उद्गारचिन्ह म्हणजे फाइलचे दहा तुकडे सुखरूप पोहोचले. मध्येच एखादे टिंब उमटले, तर तुकडा वेळेत आला नाही असे समजायचे. रांग पूर्ण होईपर्यंत त्या यंत्राचे भवितव्य अधांतरी असते.

३/ स्विच म्हणजे एका इमारतीतील संगणकांना परस्परांशी जोडणारी पेटी. बाहेरून ती वायरींचा गुंता दिसते. आत मात्र प्रोसेसर, मेमरी आणि स्वतःची कार्यप्रणाली असलेला संगणकच असतो. ही कार्यप्रणाली एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधलेली असते आणि त्या फाइलला ‘इमेज’ म्हणतात. येथे इमेज म्हणजे चित्र नव्हे. मेमरीत जशी उतरायची तशी तंतोतंत प्रत, असा तिचा अर्थ. शिक्क्यावरून जसा ठसा उमटावा, तशी.

४/ दोष दुरुस्त करायचा असो वा नवी सोय जोडायची असो, ही इमेज बदलावी लागते. नवी इमेज दूरच्या सर्व्हरवर असते आणि तिने नेटवर्कमधूनच यावे लागते. पण नेटवर्क चालवणारी पेटी तीच! ज्या पेटीतील कार्यप्रणालीच नाहीशी झाली आहे, तिने नेटवर्कवरून कार्यप्रणाली मागवायची तरी कशी? पेटीची किल्ली पेटीतच राहिल्यासारखा हा पेच आहे. पुढचा बराचसा इतिहास या पेचातून जन्मला.

५/ आरंभ १९७१ चा. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडलेले अभय भूषण तेव्हा थोरल्या एमआयटीत होते. अर्पानेट या प्रारंभिक नेटवर्कवर एका संगणकातील फाइल दुसऱ्या संगणकात कशी न्यावी, याची नियमावली त्यांनी लिहिली. १६ एप्रिल १९७१ ही तिची तारीख आणि आरएफसी ११४ हा तिचा क्रमांक. जगभर वापरल्या गेलेल्या ‘एफटीपी’चा हा पहिला मसुदा एका भारतीय अभियंत्याच्या हातचा आहे.

६/ एफटीपी ही भरगच्च व्यवस्था होती. नाव आणि पासवर्ड विचारायचा, फोल्डरांची यादी दाखवायची, फाइल आणायची, पाठवायची, पुसायची, तिचे नाव बदलायचे, अशी तिची अनेक कामे. त्यासाठी दोन स्वतंत्र जोडण्या लागत : एक आज्ञांसाठी, दुसरी प्रत्यक्ष मजकुरासाठी. मोठ्या संगणकांना हा डोलारा पेलत असे. पण ज्याच्या पोटात अजून काहीच उतरलेले नाही, अशा यंत्राला तो पेलणे शक्य नव्हते.

७/ म्हणून त्याच एमआयटीत एक धाकटे भावंड घडले. नोएल चियाप्पा यांनी मूळ आराखडा केला. नंतर त्यांनीच बॉब बाल्डविन आणि डेव्ह क्लार्क यांच्यासह तो पुन्हा रचला. केरन सॉलिन्स यांनी जानेवारी १९८० मध्ये त्याचे टिपण लिहिले आणि जून १९८१ मध्ये आरएफसी ७८३ म्हणून ते प्रसिद्ध झाले. नाव ठेवले ‘ट्रिव्हियल’ एफटीपी, म्हणजे क्षुल्लक, किरकोळ एफटीपी. तीच टीएफटीपी.

८/ तिची रीत समजून घ्यायला कोथरूडमधील जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आठवावे. रेल्वेच्या एकेरी मार्गावर टोकनाची जुनी पद्धत असे : टोकन हाती असलेलीच गाडी पुढे जाणार, आणि ते टोकन पलीकडच्या स्थानकात जमा झाल्यावाचून दुसरी गाडी त्या टप्प्यात शिरणार नाही. टीएफटीपीत ५१२ बाइटांचा एक तुकडा निघतो. ‘मिळाला’ अशी पोच आल्यावरच दुसरा निघतो. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की समजायचे, फाइल संपली.

९/ या रचनेत काय नाही, ते अधिक बोलके आहे. फोल्डरांची यादी नाही. फाइल पुसण्याची सोय नाही. वापरणाऱ्याचे नाव नाही, पासवर्ड नाही. ‘ही फाइल दे’ किंवा ‘ही फाइल घे’ एवढीच भाषा. मागणारा कोण, हे सर्व्हर विचारत नाही. देणारा कोण, हे मागणाऱ्याला पडताळता येत नाही. हा विसरभोळेपणा नव्हता. गरज जेवढी होती, तेवढेच जाणीवपूर्वक ठेवले होते.

१०/ गरज कोणती? यंत्राच्या कायमस्वरूपी चिपमध्ये, म्हणजे रॉममध्ये, जागा अत्यंत तुटपुंजी असे. टीएफटीपीचा कार्यक्रम तेवढ्या जागेत मावे. जून १९८४ मध्ये रॉस फिनलेसन यांनी यंत्र सुरू करण्यासाठी टीएफटीपी कशी वापरावी ते मांडले. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ आणली : यंत्र जागे होताच ‘माझा पत्ता काय आणि माझी फाइल कुठे आहे?’ अशी हाक देई. उत्तर मिळाले की टीएफटीपी ती फाइल ओढून घेई. पेटीच्या किल्लीचा पेच असा सुटला.

११/ मात्र साधेपणातही एक खोडी लपलेली होती. पोच येण्यास उशीर झाला, की पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवी. मग पहिल्याची पोचही येई आणि दुसऱ्याचीही. प्रत्येक पोचेला उत्तर म्हणून पुढचा तुकडा जाई, म्हणजे तोही दोनदा. त्याच्या पुन्हा दोन पोचा. एकदा अडखळलेली फाइल शेवटपर्यंत दुप्पट ओझे वाहत राही. गटे या जर्मन कवीच्या काव्यातील, झाडूला पाणी भरायला लावून त्याला थांबवता न आलेल्या शिष्यावरून या दोषाला ‘जादूगाराच्या शिष्याचा विकार’ असे नाव पडले.

१२/ उपाय एका वाक्याचा होता : तीच पोच दुसऱ्यांदा आली तर तिला उत्तर देऊ नये, केवळ वाट पाहण्याची मुदत संपली तरच तुकडा पुन्हा पाठवावा. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने हा बदल बंधनकारक केला आणि जुलै १९९२ मध्ये सॉलिन्स यांनीच आरएफसी १३५० लिहून तो मूळ नियमावलीत सामावला. १९८१ ते १९९२. एका ओळीच्या दुरुस्तीला अकरा वर्षे लागली, हे प्रमाणभूत नियमांचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१३/ याच काळात कोथरूडचा चेहरा बदलत होता. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी-आयपी स्वीकारली. त्याच वर्षी महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि पौड रस्त्यावरची एमआयटी उभी राहिली. पलीकडे कर्वेनगरात, अण्णासाहेब कर्व्यांनी रुजवलेल्या स्त्रीशिक्षणाच्या परिसरात, १९९१ साली मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

१४/ मुलींच्या त्या महाविद्यालयाच्या संदर्भात दोन नावे सांगण्याजोगी आहेत. टीएफटीपीची नियमावली शब्दांत उतरवणाऱ्या केरन सॉलिन्स. आणि स्विचांच्या जाळ्यात संदेश गरगर फिरत राहू नयेत म्हणून १९८५ साली ‘स्पॅनिंग ट्री’ची युक्ती शोधणाऱ्या रेडिया पर्लमन. दोघींचेही शिक्षण थोरल्या एमआयटीत झाले. नेटवर्क प्रयोगशाळेतील दोन मूलभूत प्रयोग या दोन स्त्रियांच्या कामावर उभे आहेत.

१५/ पेट्या बनवणारेही याच काळातले. डिसेंबर १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने सिस्को ही कंपनी स्थापली. १९९० साली बाजारात आलेला पहिला इथरनेट स्विच मात्र दुसऱ्याच कंपनीचा होता आणि तिचे नाव मराठी वाचकाला आपलेसे वाटावे असे : कल्पना. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ साली सिस्कोने ‘कल्पना’ विकत घेतली.

१६/ भारतात तेव्हा काय होते? १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, त्याचे महत्त्वाचे ठाणे. प्रारंभी टेलिफोनवरून डायल करून केवळ ई-मेल जाई. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात ९.६ किलोबिटांची भाड्याची लाइन आली. १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनियाला ६४ किलोबिटांची.

१७/ या आकड्यांचा अर्थ हिशेबाने कळतो. १६ मेगाबाइटची इमेज म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. ९.६ किलोबिटांची संपूर्ण लाइन एकट्या या फाइलला दिली तरी सेकंदाला १,२०० बाइट जातील. म्हणजे जवळजवळ चार तास. तेवढ्या वेळात बाकी सारा पत्रव्यवहार ठप्प! म्हणून फ्लॉपी आणि टेप कुरिअरने मागवणे हा त्या काळी मागासलेपणा नव्हता. तोच शहाणपणाचा मार्ग होता.

१८/ लाइन रुंद असली म्हणजे प्रश्न सुटतो काय? येथे टोकनाची पद्धत आड येते. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळ आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी विक्रम हे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. अशा केंद्रातून निघालेला संदेश सुमारे ३६ हजार किलोमीटर वर चढतो आणि तेवढाच खाली उतरतो. प्रकाशाच्या वेगानेही या फेरीला पाव सेकंद लागतो. पोच परत यायला आणखी पाव सेकंद.

१९/ म्हणजे ५१२ बाइटांच्या एका तुकड्यामागे अर्धा सेकंद. १६ मेगाबाइटचे ३२,७६८ तुकडे. गुणाकार केला तर साडेचार तास होतात. उपग्रहाची लाइन दहापट रुंद केली तरीही तेवढेच, कारण वेळ रुंदीत जात नाही, तो वाट पाहण्यात जातो. एफटीपी मात्र पोचेची वाट न पाहता अनेक तुकडे एकामागोमाग वाटेला लावू शकते. म्हणून ‘धाकटी’ जवळच्या सर्व्हरसाठी आणि ‘थोरली’ दूरच्या सर्व्हरसाठी, अशी कामाची विभागणी रूढ झाली.

२०/ दुसरे संकट घरचेच होते. जुन्या पेट्यांच्या फ्लॅश मेमरीत दोन इमेज एकत्र मावत नसत. आधी जुनी पुसायची, मग नवी उतरवायची. या दोन क्रियांच्या मधल्या काळात वीज गेली, तर पेटी रिकामी! भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात ही भीती खरी होती. २००६ साली उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांचा आधार घेऊन शहराला भारनियमनातून सोडवण्याचा ‘पुणे मॉडेल’ नावाचा प्रयोग झाला, यावरून तो काळ लक्षात यावा.

२१/ रिकाम्या झालेल्या पेटीला वाचवण्यासाठी त्याहून जुने साधन कामी येई. १९७७ साली वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी लिहिलेली ‘एक्समोडेम’. कन्सोल केबल थेट पेटीला जोडायची आणि १२८ बाइटांचे तुकडे एकेक करून भरायचे. ९,६०० या नेहमीच्या गतीने सेकंदाला ९६० बाइट. तीस लाख बाइटांच्या छोट्या इमेजलाही पन्नास मिनिटांहून अधिक. १६ मेगाबाइटला जवळपास पाच तास. पेटीजवळ खुर्ची टाकून बसण्यावाचून इलाज नसे.

२२/ दरम्यान इमेज वाढतच गेली आणि टीएफटीपीच्या अंगावरचा अंगरखा तोकडा पडू लागला. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. त्याला ५१२ ने गुणले की ३,३५,५३,९२० बाइट. जवळपास ३२ मेगाबाइटपाशी मोजणीच संपते. काहींनी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करण्याची पळवाट काढली. मे १९९८ च्या नियमांनी तुकडा मोठा करण्याची अधिकृत मुभा दिली आणि जानेवारी २०१५ मध्ये अनेक तुकडे एकदम पाठवण्याचीही.

२३/ वेगाचे प्रश्न असे एकेक करून सुटत गेले. विश्वासाचा प्रश्न मात्र वाढत होता. सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील सर्ट या संस्थेने इशारा दिला : इंटरनेटवर टीएफटीपीद्वारे हल्ले चालू आहेत. परका माणूस दुरून सर्व्हरला ‘पासवर्डची फाइल दे’ म्हणे, आणि नीट बंदोबस्त नसेल तर सर्व्हर देई. मागणाऱ्याचे नाव न विचारणे हा १९८१ साली काटकसरीचा गुण होता. ओळखीच्या इमारतीबाहेर पडताच तोच अवगुण ठरला.

२४/ थोरली एफटीपीही निर्दोष नव्हती. ती पासवर्ड विचारी, पण तो तारेवरून उघडाच जाई. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील नेटवर्कवर कोणीतरी असे पासवर्ड टिपून घेतले. त्यावर उतारा म्हणून तेथील टाटू इलोनेन यांनी सारा संवाद कुलूपबंद करणारी ‘एसएसएच’ लिहिली आणि त्याच उन्हाळ्यात खुली केली. योगायोग असा की त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतीय नागरिकांसाठी इंटरनेट सुरू केले. कुलूप आणि दार एकाच वर्षी आले.

२५/ एसएसएचच्या आधारे ‘एससीपी’ने फाइली सुरक्षित नेण्याची सोय झाली. स्विचांनी ती हळूहळू स्वीकारली. पण तीही जुन्या ‘आरसीपी’च्या पायावर बांधलेली होती आणि तिचे जुने दोष सोबत घेऊन आली होती. एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएचच्या नवव्या आवृत्तीत ‘एससीपी’ या आज्ञेचे नाव तेच ठेवून आतली यंत्रणा ‘एसएफटीपी’ची करण्यात आली.

२६/ वाट सुरक्षित झाली तरी माल खरा कशावरून? यासाठी ठशाची कल्पना आली. फाइलवरून गणिताने एक छोटी संख्या काढायची; फाइलमधील एक बिट बदलला तरी संख्या पूर्ण बदलते. एप्रिल १९९२ मध्ये रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी प्रसिद्ध केलेली ‘एमडी५’ ही अशीच पद्धत, आणि तेही थोरल्या एमआयटीचेच. २००४ साली शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच येऊ शकतो हे दाखवले. वाटेतील अपघाती मोडतोड पकडायला ती अजूनही पुरते. कपटी माणसाला पकडायला नाही.

२७/ ही भीती पुस्तकी नव्हती. सप्टेंबर २०१५ मध्ये मँडियंट या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की १४ सिस्को राउटरांमधील इमेजच कोणीतरी बदलून टाकली आहे. देश चार : युक्रेन, फिलिपिन्स, मेक्सिको आणि भारत. बदललेल्या इमेजचा आकार मूळच्याइतकाच ठेवला होता. नव्या ओळी वाढवण्याऐवजी जुन्या ओळींवरच लिहिले होते. पेटी नेहमीसारखी चालत होती. तिचे मालक मात्र बदलले होते.

२८/ एप्रिल २०१८ ची घटना टीएफटीपीशी थेट निगडित आहे. नवे स्विच माणसाच्या हाताविना सुरू व्हावेत म्हणून सिस्कोने ‘स्मार्ट इन्स्टॉल’ ही सोय दिली होती : स्विच आपणहून सर्व्हरकडून इमेज आणि मांडणीची फाइल घेई. हा ‘सर्व्हर’ खरा की तोतया, हे मात्र तो तपासत नसे. अशा १ लाख ६८ हजारांहून अधिक पेट्या इंटरनेटवर उघड्या असल्याचे सिस्कोच्याच संशोधकांनी सांगितले. हल्लेखोरांनी इराण आणि रशियातील स्विच पुसले आणि मागे निवडणुकांविषयीचा दमदाटीचा संदेश ठेवला.

२९/ मग स्वाक्षरी आली : निर्माता इमेजवर गणिती सही करतो आणि पेटी सही जुळल्यावरच ती चालवते. पण डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स प्रकरणाने हाही आधार डळमळला. हल्लेखोर थेट कारखान्यात शिरले होते. विषारी अद्यतनावर निर्मात्याची खरीच सही होती. ज्या कंपनीचा मोफत टीएफटीपी सर्व्हर नेटवर्क शिकणाऱ्या असंख्य मुलांनी वापरला, तिचेच हे नाव. त्याच महिन्यात भारत सरकारने दूरसंचार जाळ्यांतील यंत्रे ‘विश्वसनीय स्रोतां’कडूनच घेण्याचा निर्देश मंजूर केला आणि १५ जून २०२१ पासून तो लागू झाला.

३०/ एवढे होऊनही टीएफटीपी नामशेष झाली नाही. प्रयोगशाळेतील डझनभर संगणक एकाच वेळी सुरू करायचे असोत, कार्यालयातील इंटरनेट-फोन असोत किंवा इमेज गमावलेला राउटर असो, सर्वांत खालच्या पायरीवर पुष्कळदा तीच उभी असते. कारण १९८१ चेच : अगदी थोड्या जागेत मावणारे दुसरे काही इतके सर्वत्र उपलब्ध नाही. नियम मात्र आता ठरलेला आहे. ती बंदिस्त, स्वतंत्र जाळ्यातच ठेवायची आणि मोकळ्या इंटरनेटवर कधीही नाही.

३१/ आज इमेज शेकडो मेगाबाइटची असते. सावध अभियंता कामाचा क्रम बदलत नाही. फ्लॅशमध्ये जागा आहे का पाहतो. चालू इमेजची प्रत सर्व्हरवर काढतो. नवी इमेज उतरवतो, पण जुनी पुसत नाही. निर्मात्याने जाहीर केलेला ठसा आणि पेटीत उतरलेल्या फाइलचा ठसा ताडून पाहतो. त्यानंतरच पेटी बंद करून पुन्हा सुरू करतो. यांतील प्रत्येक पायरीमागे वर आलेली एखादी जुनी फजिती आहे.

३२/ पौड रस्त्यावरच्या एखाद्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी ती तीन शब्दांची आज्ञा देते. सर्व्हर दोन बाकांपलीकडे, फाइल छोटी, उद्गारचिन्हांची रांग क्षणात संपते. जर्नलमध्ये ‘प्रयोग यशस्वी’ असे लिहून होते. पण पेटीने फाइल मागितली तेव्हा देणाऱ्याचे नाव विचारले नव्हते, आणि सर्व्हरने दिली तेव्हा घेणाऱ्याचे. ठसा ताडून पाहण्याची पायरी पुष्कळदा जर्नलमध्ये नसतेच. ती पुढे नोकरीत, एखाद्या रात्री, दूरच्या शहरातील पेटीसमोर शिकावी लागते. (समाप्त)